उन्हाळा आला की जोड सुटतात, गोंद बदलला तरी सुटतात: पत्र्याच्या शेडमधला हिशोब

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की माझा फोन वाजायला लागतो. "भाऊ, तुम्ही दिलेल्या देवघराचा कोपरा उघडायलाय." मग मे महिन्यात टेबलाची फळी, जूनमध्ये कुणाच्या तरी दाराची चौकट. परभणीत माझं सुतारकामाचं छोटं शेड आहे, वर पत्रे, आप्पांच्या काळापासूनचं. सलग चार वर्षं मी एकच उपाय केला, तो म्हणजे गोंद बदलला. एक झाला, दुसरा झाला, तिसरा तर दुकानदारानं "हा लई स्ट्राँग आहे, लाकूड तुटंल पण जोड नाही तुटणार" म्हणून दीडपट पैशाला दिला. पुढच्या एप्रिलात फोन वाजलाच.

म्हणून आधीच सांगून टाकतो, माझ्याकडं सुटलेल्या दहा जोडांपैकी गोंदाची खरी चूक एखाद्यातच असायची. बाकी सगळा घोळ गोंद कुठं ठेवला, कधी लावला आणि लाकूड कसलं होतं याचा. हे मला कळलं ते एका देवघरामुळं, कारण तेव्हा पहिल्यांदाच मी सुटलेला जोड परत चिकटवायच्या आधी नीट बघितला. त्याआधी काय करायचो, तर खरवडून काढायचं, नवीन गोंद भरायचा, क्लॅम्प (जोड दाबून धरायचा शिकंजा) लावायचा आणि गिऱ्हाइकाला चहा पाजायचा.

सागवानी देवघर, कोपऱ्याला कुसू (म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या भोकात) घालून केलेलं. कुसू भोकातून सहज बाहेर आली. उन्हात धरून पाहिली तर तिच्यावर गोंदाचा पापुद्रा होता, पिवळसर, गुळगुळीत, नखानं सोलला तर शेवयासारखा लांब निघाला. भोकाच्या आतल्या भिंतीवर मात्र गोंदाचा मागमूस नाही, पटाशीनं कोरलेलं लाकूड जसंच्या तसं, कोरडं ठाक. म्हणजे गोंद एका अंगाला चिकटला आणि दुसऱ्या अंगाला त्यानं हातच लावला नाही. कसं काय? तर कुसूवर गोंद लावला, तेवढ्यात फोन आला, दोन मिनिटं बोललो, पंखा चालू, शेडमध्ये 42 अंश, आणि जोड बसवेपर्यंत गोंदावर साय धरली होती. दुधावर धरते तशी. वरून ओला दिसतो, बोट लावलं तर बोटाला लागतो सुद्धा, पण लाकडात शिरायची त्याची ताकद गेलेली असते.

पांढरा गोंद (आपण कुठल्याही कंपनीचा असला तरी फेव्हिकॉलच म्हणतो, मीही तसंच म्हणतो, त्यात कंपनीला बोल नाही) म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचे बारीक कण. पाणी अर्धं लाकडात शोषलं जातं, अर्धं हवेत उडतं, कण एकमेकांना भिडून त्यांचा सलग पापुद्रा होतो. डब्यावर जी पाच-दहा मिनिटांची सवड लिहिलेली असते ती 25 अंशाच्या आसपासची. आपल्याकडच्या मे महिन्यात, हवा कोरडी आणि डोक्यावर पंखा, तर दोन-तीन मिनिटं मिळाली तरी नशीब समजा. आता मी उन्हाळ्यात चिकटवायचं काम सकाळी साडेसहा ते नऊ एवढंच करतो. त्या वेळेला पंखा बंद. पोरगा कुरकुर करतो, करू दे. आणि गोंद लावायच्या आधी सगळं कोरडं जोडून बघायचं, क्लॅम्प उघडून हाताशी ठेवायचे, मोबाईल शेडच्या बाहेर. गोंद दोन्ही अंगांना लावायचा, फक्त कुसूला नाही, भोकाच्या आत सुद्धा ब्रश फिरवायचा. एवढ्यानं माझे निम्मे फोन बंद झाले.

जोड सुटला की तो वाचायला शिका, डॉक्टर जीभ बघतो तसा. एका अंगाला चकचकीत पापुद्रा अन् दुसरं अंग कोरडं, म्हणजे साय धरली, ते वर सांगितलंच. दोन्ही अंगांना लाकडाचे तंतू उपटून आलेत, ढलपी निघाली, तर गोंदानं त्याचं काम केलंय, लाकूडच फाटलंय, मग दोष जोडाच्या मापाचा किंवा लाकडाच्या ताणाचा, गोंदाला शिव्या देऊ नका. जाड थर दिसतोय, पाव-अर्धा मिलिमीटरचा, तर जोड ढिला होता किंवा क्लॅम्प नीट नव्हता, पांढरा गोंद फट भरायला नसतोच. काहीच दिसत नाही, जणू गोंद लावलाच नव्हता, तर कापलेल्या टोकानं तो पिऊन टाकला. लाकडाचं आडवं कापलेलं टोक म्हणजे बारीक नळ्यांची मोळी, गोंद आत ओढून घेतं, तिथं पहिला हात लावून पाच मिनिटं मुरू द्यायचा आणि मग दुसरा हात. आणि जोड तुटलेला नाही पण फळी शेजारच्या फळीवरून हळूहळू सरकलीये, बोट फिरवलं की पायरी लागते, तर ते गोंद मऊ पडल्याचं लक्षण.

मऊ पडतो म्हणजे काय, ते जरा नीट सांगतो, कारण आपल्या भागाला हेच जास्त भोवतं. साधा पांढरा गोंद वाळला तरी तो प्लास्टिकच्या जातीचाच, साधारण 35-40 अंशाच्या पुढं त्याचा कडकपणा कमी व्हायला लागतो. जोडावर ताण नसेल तर काही होत नाही, पण वाकवून बसवलेली पट्टी असेल किंवा कायम वजन झेलणारा जोड असेल तर तो महिनोन्महिने मुंगीच्या पावलानं सरकतो. नांदेड, परभणी, लातूरकडं मे महिन्यात बाहेर 42-43 असतं, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून कितीतरी जास्त. गच्चीवरच्या खोलीत, पत्र्याच्या दुकानात, गोठ्याशेजारच्या ओसरीत जाणाऱ्या सामानाला म्हणून मी नुसत्या गोंदावर भरवसा ठेवत नाही, आरपार लाकडी खुंटी मारतो. आप्पा मारायचेच. मी मधी दहा वर्षं "आता एवढा भारी गोंद असताना खुंटी कशाला" म्हणून सोडून दिली होती, ती परत सुरू केली.

आता साठवणीचं. माझा 50 किलोचा ड्रम शेडच्या मागच्या भिंतीला होता, पश्चिमेकडं. दुपारी दोन ते सहा त्या पत्र्यावर ऊन. ड्रमला हात लावला तर चटका बसायचा. स्वस्त पडतो म्हणून मोठा ड्रम घ्यायचो, वर्षभर पुरवायचो, झाकण पोरं अर्धवट लावायची, वर घट्ट साय यायची, ती काढून फेकायची, खालचा घट्ट झालेला गोंद पाणी घालून पातळ करायचा. किती पाणी? अंदाजपंचे. हा सगळा प्रकार चुकीचा. पाणी घालायचं तर शंभराला पाचच्या आत, त्याच्या पुढं गेलं की पापुद्राच पातळ पडतो, आणि घट्ट होऊन दोर सुटायला लागलेला गोंद पाण्यानं पुन्हा तरुण होत नाही. बहुतेक डब्यांवर 5 ते 35 अंशात ठेवा असं लिहिलेलं असतं आणि मुदत साधारण वर्षाची असते, ती त्या तापमानात ठेवला तर. पत्र्याखाली तापलेल्या ड्रमला ती मुदत लागू नाही राव.

मी काय केलं, तर ड्रम बंद. उन्हाळ्यात पाच किलोचाच डबा आणायचा, झाकणावर आणल्याची तारीख मार्करनं लिहायची, आधीचा संपल्याशिवाय नवा फोडायचा नाही. आणि डबा ठेवायला रांजण. हसू नका. घरी जुना फुटक्या कडांचा रांजण होता, त्यात तळाला वाळू टाकली, मधी प्लास्टिकचा डबा ठेवला, भोवती परत वाळू, वाळू रोज सकाळ-संध्याकाळ भिजवायची, वरून ओलं पोतं. बाहेर 42 असताना आत थर्मामीटर ठेवून बघितला, 29. माठातलं पाणी गार होतं तोच प्रकार, बाष्प उडताना उष्णता घेऊन जातं, आणि आपली मे महिन्यातली हवा एवढी कोरडी असते की हा जुगाड मस्त चालतो. पावसाळ्यात चालत नाही, हवाच ओली असते, पण तेव्हा गरजही नसते. डब्याचं झाकण मात्र घट्ट, वाळूतलं पाणी आत जाता कामा नये.

अजून एक मूर्खपणा सांगतो. ड्रममधून रोजच्या वापराला गोंद काढून ठेवायला गोडेतेलाचा जुना पत्र्याचा डबा घेतला होता, कडांना आतून गंज चढलेला. आठ दिवसांत गोंद राखाडी, मग चहाच्या रंगाचा. मला वाटलं धूळ असेल. त्या गोंदानं सागाच्या फळ्या जोडल्या आणि पॉलिशच्या वेळेला प्रत्येक जोडावर काळी रेघ, काजळाची काडी ओढल्यासारखी. रंधा मारला तरी जाईना. पांढरा गोंद जरासा आम्लधर्मी असतो, तो लोखंड खातो, आणि ते लोखंड लाकडातल्या टॅनिनला, म्हणजे तुरट द्रव्याला, भेटलं की काळं पडतं, जुन्या काळी शाई अशीच करायचे. बाभळीत तर टॅनिन ठासून भरलेलं, तिच्या सालीवर चामडं कमावतात ते उगाच नाही. तेव्हापासून प्लास्टिकचा डबा, प्लास्टिकची पट्टी, आणि ब्रश सुद्धा लोखंडी पत्र्याचा नको.

गोंद चांगला आहे की गेला हे ओळखायला मी दोन बोटांत घेऊन बघतो. गुळगुळीत पसरला पाहिजे. रव्यासारखे दाणे लागले किंवा च्युइंगमसारखी तार निघाली की संपलं. आंबूस-कुजका वास किंवा वर बुरशी आली तरी तेच. शंका असेल तर साध्या लाकडाचे दोन तुकडे जोडा, 24 तास ठेवा, फटीत पटाशी ठेवून हातोडीचा एक ठोका द्या. लाकूड फाटलं तर गोंद पास, स्वच्छ फटीतून उघडलं तर नापास. दहा रुपयांची ही परीक्षा गिऱ्हाइकाच्या घरी देण्यापेक्षा शेडमध्ये दिलेली बरी.

हिवाळ्याचंही सांगितलं पाहिजे, कारण परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा पार पाच-सहाच्या खाली जातो हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. मी शहाणा झालो म्हणून सकाळी साडेसहाची सवय हिवाळ्यातही चालू ठेवली, तर नवीनच तमाशा. जोड उघडला तर आत पापुद्राच नाही, पांढरी भुकटी, खडूसारखी, फुंकर मारली की उडते. गार पडलं की गोंदाचे कण एकमेकांत मिसळत नाहीत, पाणी उडून जातं आणि कण सुटे राहतात. बऱ्याच पांढऱ्या गोंदांना 10 अंशाच्या वरच काम करायचं असतं, आणि नुसती हवा नाही, लाकूड आणि गोंद सुद्धा तेवढे गरम पाहिजेत. रात्रभर शेडमध्ये पडलेली फळी अकरा वाजेपर्यंत गारच असते. म्हणून हिवाळ्यात उलटं, फळ्या उन्हात टाकायच्या आणि काम बारा ते चार. चिकटवलेलं रात्री घरात आणून ठेवायचं, जागा असेल तर.

आता लाकूड. यावर पानंच्या पानं लिहिता येतील पण मुद्दा एवढाच की लाकूड हवेसोबत श्वास घेतं. ऑगस्टात आपल्याकडं त्यात 14-15 टक्के ओलावा असतो, मे महिन्यात तेच लाकूड पाच-सहावर येऊ शकतं. आणि वखारीतून आणलेला, ट्रकमधून ओला उतरलेला किनवटचा साग असेल तर विचारूच नका. अडीच फूट रुंदीचं सागाचं टेबल 14 वरून 8 टक्क्यांवर आलं तर रुंदीत 8-9 मिलिमीटर आकसतं. तुम्ही त्याला खालून आडवी पट्टी गोंदानं घट्ट चिकटवलेली असेल तर काहीतरी सुटणार नाहीतर फाटणार, जगातला कुठलाही गोंद ते थांबवू शकत नाही. पट्टीला लांबट भोक पाडून स्क्रू सैल बसवा, गोंद फक्त मधल्या दोन इंचाला. एका गिऱ्हाइकाचं तर असं झालं की टेबल दर मे महिन्यात एकाच अंगाला फुगायचं, बाकीच्यांचं आकसायचं तेव्हा ह्यांचं फुगायचं, मी चक्रावलो. घरी गेलो तर डेझर्ट कूलर बरोबर टेबलाच्या त्या अंगाला लावलेला, दिवसभर ओलं वारं. टेबल हलवलं, विषय संपला, पैसे मागायचीही सोय राहिली नाही.

साग तेलकट असतो, हेही लक्षात ठेवा. रंधा मारल्या मारल्या त्याच दिवशी चिकटवा, आणि शक्य असेल तर लावायच्या आधी अॅसिटोनच्या फडक्यानं पुसा. आठ दिवस रंधून ठेवलेल्या फळीवर तेल वर येतं आणि धूळ बसते.

कुठं कोणता गोंद, याबद्दल माझं मत. घरातलं, सावलीतलं फर्निचर, नीट बसणारे जोड: साधा पांढरा गोंद बास, महागाचा कशाला. स्वयंपाकघर, मोरीजवळ, खिडकीची चौकट: वॉटरप्रूफ वर्गातला घ्या, आणि डब्यावर डी 3 की डी 4 ते बघा. ही युरोपची प्रतवारी आहे, डी 3 म्हणजे अधूनमधून पाणी लागलं तरी चालतं, डी 4 ची परीक्षा उकळत्या पाण्यात सहा तासांची असते. आपल्याकडचा साध्या पांढऱ्या गोंदाचा मानक आयएस 4835. नुसतं "वॉटर रेझिस्टंट" असं मोठ्या अक्षरात छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. कायम ताण असलेलं वाकवलेलं काम: पाण्यात कालवायचा युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद, हार्डनर टाकून, तो वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, सरकत नाही. पण त्याच्या वाफेनं डोळे झोंबतात, दारं उघडी ठेवा, आणि पातळ राळेच्या स्वरूपात आणला असेल तर उन्हात तो फार दिवस टिकत नाही, डब्यातच घट्ट होतो. पावडर घेतलेली बरी, पण पावसाळ्यात पिशवीचं तोंड उघडं राहिलं की पावडरचा दगड.

ढिला जोड, जुनी मोडकी खुर्ची, लाकूड-लोखंड: एपॉक्सी, दोन ट्यूबवाला. तो फट भरतो. उन्हाळ्यात मात्र थोडा थोडा कालवा, दर दहा अंशाला त्याचा वेळ साधारण निम्मा होतो आणि वाटीत जास्त कालवला तर वाटीच तापते, एकदा माझी प्लास्टिकची वाटी वाकडी झालेली. फेस येणारा पॉलियुरेथेन मी वापरून सोडून दिला. त्याला वाळायला ओलावा लागतो, म्हणजे मे महिन्यात लाकडावर पाणी शिंपडायचं आणि पावसाळ्यात उघडलेली बाटली आठवड्यात दगड, आपल्या हवेला ते बरोबर उलटं पडतं.

सनमायकाचा रबरी गोंद वेगळाच प्राणी. दोन्ही अंगांना लावायचा, हाताला चिकटायचा थांबला की मगच दाबायचा. उन्हाळ्यात तो पाच मिनिटांत तयार होतो, पावसाळ्यात संध्याकाळी लावलात तर थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं, पांढुरकी झाक येते आणि दोन महिन्यांनी सनमायकाला फुगे. पावसाळ्यात दुपारीच लावा. आणि हा डबा शेडमध्ये उन्हात ठेवू नका, त्याची वाफ पेट घेते, जमिनीलगत लांबवर पसरते. शेजारी वेल्डिंगचं दुकान असेल तर दार लावून घ्या. माझ्या शेडमध्ये बिडी बाहेर ओढायची, आप्पांना सुद्धा सूट नाही. कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवायची सवय तर ताबडतोब मोडा, घरात लेकरं असतात.

आप्पा म्हणतात त्यांच्या वडलांच्या काळी सरसच वापरायचे, जनावराच्या कातड्या-हाडांचा, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचा, वास असा की शेजारी भांडायचे. 1959 साली फेव्हिकॉल बाजारात आलं आणि हळूहळू सरसाचं भांडं गेलं. त्या भांड्याला आता आम्ही खिळे ठेवतो.

राहिला इन्स्टंट गोंद, छोट्या ट्यूबवाला. न फोडलेली ट्यूब फ्रिजमध्ये बराच काळ टिकते, पण बाहेर काढल्यावर तास-दीड तास तशीच ठेवा आणि मग फोडा, नाहीतर गार ट्यूबवर पाणी धरतं आणि हा गोंद पाण्यानंच वाळतो. फोडलेली ट्यूब सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या बरणीत. सुती फडक्यानं कधीही पुसू नका, कापसाशी त्याची झटापट होऊन एवढं तापतं की धूर निघतो, बोट भाजतं. फ्रिजमध्ये ठेवायचीच असेल तर त्या बरणीवर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या घरी ती लोणच्याच्या बरणीशेजारी सापडल्यावर जे झालं त्यानंतर ती भाज्यांच्या कप्प्यात खालच्या बाजूला, प्लास्टिकच्या डब्यात डबा करून, कुलूप सोडून बाकी सगळं लावून ठेवलीये.